किती?

इंग्रजीतून मराठीत काही उतरवायला बसलो की मला भारदस्त शब्दांची भीती वाटत नाही. न्याय, आत्मा, स्वातंत्र्य या मंडळींच्या जागा ठरलेल्या असतात. गाडी अडते ती ‘क्वाइट’, ‘रादर’, ‘टू’ अशा चिल्लर शब्दांपाशी. इंग्रज माणूस एखाद्या गोष्टीला ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा ती बहुधा नुसती बरी असते. ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणतो तेव्हा मात्र ती साफ अशक्य असते. एकच शब्द, पण एकदा माप अर्धे भरतो आणि एकदा शिगोशीग!

आपली मराठी या बाबतीत दरिद्री मुळीच नाही. लालसर, लाल, लालभडक. पिवळट, पिवळा, पिवळाधमक. चिमटीएवढा फरकही आपण सहज सांगतो. तरी ‘टू हॉट’ला आपल्यापाशी एक शब्द नाही. ‘चहा फार गरम आहे’ म्हटले तर तो कुणाला आवडेलही. म्हणून आपण म्हणतो, ‘पिववत नाही इतका गरम.’ इंग्रजी शब्द नुसता निकाल देतो. मराठी वाक्याला पिणाऱ्याची जीभ साक्षीला आणावी लागते. हा फरक मला व्याकरणाचा वाटतो, तसाच नीतीचाही वाटतो.

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, तो लवकर उमगतो. इंग्रजी-मराठीची देवघेव इथे जुनी. मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली इथूनच निघाले. दुष्काळाशी ओळख त्याहूनही जुनी. पीक किती बुडाले हे सरकारदरबारी आणेवारीने, पुढे पैसेवारीने मोजत आणि ५० पैशांच्या रेघेवर गावाचे नशीब ठरे. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतला ‘फॅमिन’ हा शब्द वगळला आणि तिथे ‘स्कॅर्सिटी’ घातला. मराठीत दुष्काळ गेला, टंचाई आली. कर्त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. अन्नावाचून माणसे मरतील अशी वेळ येऊच द्यायची नाही, ही उमेद त्यामागे होती.

नऊच वर्षांनी १९७२ उजाडले. विहिरी आटल्या, जनावरे दावणीवरून सुटली, घरची लक्ष्मी रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागली, पोरे सुकडीवर आणि मिलोच्या भाकरीवर वाढली. दुष्काळी कामांमुळे पूर्वीच्या दुष्काळांसारखे मृत्यूचे थैमान झाले नाही, हे खरे. मृत्यू हे माप धरले तर कुणी त्याला टंचाई म्हणेल. पण रिकामी दावण हे माप धरले तर? म्हातारी माणसे आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. ‘बहात्तरची टंचाई’ म्हणणारे मला अद्याप कुणी भेटलेले नाही.

दोन्ही मापे खरी असतील. पण चहा किती गरम आहे हे कपाबाहेरच्याने एकट्याने ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे. दुसऱ्याचे दुःख आपल्या शब्दांत उतरवताना ‘किती’ हा प्रश्न ज्याला ते सोसावे लागते त्यालाच आधी विचारला पाहिजे. याला भाषांतरकारच असावे लागते असे नाही. या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसलेला भाऊ ‘बरं चाललंय’ म्हणेल. त्या ‘बरं’चे माप आपल्या घरच्या पायलीने मोजून मोकळे होऊ नये. जरा थांबावे आणि विचारावे, ‘बरं म्हणजे किती रे?’