बहिणीचे हक्कसोडपत्र

सरकारने स्त्रियांसाठी केलेल्या कायद्याची परीक्षा कोठे करावी? राजपत्रात की घराच्या पडवीत? आम्हांस वाटते, पडवीतच.

महाराष्ट्र शासनाने 1994 साली आपले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. केंद्र सरकारने हीच सुधारणा 2005 साली केली. आम्हां ख्रिस्ती लोकांत तर, बापाने मृत्युपत्र केले नसल्यास, 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलगा व मुलगी यांस समान हिस्सा मिळतो. म्हणजे कागदावर बहीण भावाच्या बरोबरीची आहे.

परंतु उरणापासून श्रीवर्धनापर्यंत या किनाऱ्यावर काय घडते, हे वाचकांस ठाऊक आहे. वाडीत नारळ-सुपारीचेच काय ते उत्पन्न होते, तोवर वाट्याची गोष्ट फारशी निघत नसे. पुढे मुंबईकरांचे बंगले उठले, 2024 साली शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला, गुंठ्यास भाव आला. मग बहिणीस बोलावणे येते, ते सणाचे नव्हे, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीचे. तेथे ती हक्कसोडपत्रावर सही करिते.

कोणी म्हणेल, "ती राजीखुशीने सोडते, यात पाप कोणते?" प्रश्न योग्य आहे. भाऊ गरीब असेल, त्याने म्हाताऱ्या आईस सांभाळले असेल, तर बहिणीने प्रीतीने दिलेले दान थोरच होय. परंतु ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे, तोच दान देऊ शकतो. सही न केल्यास माहेर तुटेल, या भयाने सोडलेला वाटा हे दान नव्हे. ती माहेराची किंमत होय. शेत विकण्यापूर्वी ते तुझेच होते, याची आठवण पेत्राने हनन्यास दिली. प्रेषितांनीही सक्तीचे दान मागितले नाही.

सलाफहादाच्या मुलींनी वतन मागितले, तेव्हा मोशेने त्यांस दटावले नाही. त्यांचे गाऱ्हाणे त्याने परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने ते रास्त ठरविले.

सरकार हक्क देऊ शकते. हक्क मागणाऱ्या बहिणीचे माहेर शाबूत राखणे त्याच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे. म्हणून मंडळीतील भावांनी कागद पुढे करण्यापूर्वी वडीलजनांच्या देखत एवढे सांगावे : "ताई, तुझा वाटा इतका. तू घे वा सोड. नाताळास तुझे ताट याच घरी वाढले जाईल." असे सांगितल्यावर ती जे सोडील, तेच खरे दान होय, आणि जे घेईल, ते तिचेच आहे.