जागा राखून

विद्यापीठातल्या माझ्या जागेवरचा धारणाधिकार राखून दोन वर्षांची बिनपगारी रजा घ्यावी आणि एका शैक्षणिक तंत्रज्ञान कंपनीत संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम रचावेत, असं माझ्या मनात होतं. अर्ज देण्याआधी मी विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याशी बोलले. माझे तास त्याच्याकडेच जाणार होते.

"जा मॅडम," तो म्हणाला. "पण तिथे जाऊन नेमकं काय करायचंय?"

"चांगला शिकवलेला तास गडचिरोलीतल्या मुलीपर्यंत पोचवायचाय."

"तो पोचतोच की. ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एनपीटीईएल प्रकल्प २००३पासून आहे, स्वयम् हा सरकारी मंच २०१७पासून. व्याख्यानांना तोटा नाही. 'इथे मला कळलं नाही' असं जिला सांगता येईल अशी व्यक्ती त्या मुलीसमोर नसते."

"म्हणूनच तर. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार असण्याची शक्यता किती, असं विचारलं की मुलं उलटंच उत्तर देतात. आजार असेल तर चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता सांगतात. ही चूक मी वर्षानुवर्षं उत्तरपत्रिकांत पाहते. ती कोणत्या पायरीवर होते, हे मला अंदाजानेच कळतं. कंपनीत मुलांची प्रत्येक पायरी नोंदली जाते. मला ते बघायचंय."

ही ओढ मला आजही खरी वाटते, आणि पगाराशी तिचा संबंध नाही.

"सेबॅस्टियन थ्रन यांनाही असंच वाटलं असेल," तो म्हणाला. स्टॅनफर्डच्या या प्राध्यापकांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन वर्गात २०११मध्ये सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं; पूर्ण केला तो २३ हजारांच्या आसपास लोकांनी. पुढे त्यांच्या युडॅसिटी या कंपनीने २०१३मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठात गणिताचे प्राथमिक अभ्यासक्रम चालवले. पहिल्या सत्रात वर्गात बसणाऱ्यांपेक्षा बरेच कमी विद्यार्थी उत्तीर्ण झाले.

"उन्हाळ्यात निकाल सुधारला होता," मी म्हटलं.

"त्या तुकडीत बरेच जण आधीच पदवीधर होते."

"म्हणजे गट बदलला आणि श्रेय पद्धतीला मिळालं."

"बरोबर. कंपनीच्या बैठकीत हे कोण बोलणार?"

"मी बोलेन."

"बोलालच. तुम्हाला परतायला जागा आहे. कंपनीच्याच पगारावर घराचे हप्ते फेडणारा बोलेल?"

तोवर मला रजा म्हणजे पडले तर सावरायची सोय, एवढंच वाटत होतं. ती जागा राखलेली असेल तर तिथे तोंड उघडणं माझ्यावर बंधनकारक आहे, हे त्याच्या बोलण्यातून समजलं. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि ती जागा राखली जाते माझ्यासारख्यांच्या जिवावर. सेट परीक्षा उत्तीर्ण झालो, पीएचडी झाली. सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. दरवर्षी नव्याने मुलाखत."

"मग राजीनामा देऊ? जागा मोकळी होईल."

"मोकळी होईल, भरली जाईलच असं नाही. विभागातल्या रिकाम्या जागा तुम्हीही बघताय."

त्याचं पुढचं म्हणणं मला सर्वांत अवघड गेलं. २०२१च्या यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम्‌वरून मिळवता येतात. उद्या ती मुभा खासगी अभ्यासक्रमांना मिळाली आणि मी ध्वनिमुद्रित केलेला पेपर आमच्याच विभागाने घेतला, तर आधी तास जातील ते त्याचे.

"करारात लिहून घेईन," मी म्हटलं. "माझा अभ्यासक्रम शिक्षकाच्या जोडीला वापरायचा, शिक्षकाच्या जागी नाही."

"ते कबूल करणार नाहीत."

"मग मी जाणार नाही."

"आणि केलं तर?"

"तर अर्ज देईन. त्यासोबत लिहीन की माझ्या तासांवर दोन वर्षांसाठी पूर्ण वेतनावर माणूस नेमा. माझा पगार वाचतोच आहे."

"तो शासनाकडून येतो, मॅडम. वाचला तरी विभागाला मिळत नाही."

"मग शासनालाच लिहू. दोघं सही करू."

तो क्षणभर थांबला. "माझी नको. जूनमध्ये मुलाखत आहे."

"बरं, मग माझ्या एकटीचीच."