वाचणारा पुढे, ऐकणारा दाराशी



आज दुसऱ्या धर्मातील एक गोष्ट सांगतो. ब्राझील हा कॅथलिक बहुसंख्येचा देश. पण तेथे धर्मगुरू थोडे. खेड्यांत आणि शहरांकाठच्या झोपडपट्ट्यांत ते महिनोन्‌महिने फिरकत नसत. म्हणून १९६० नंतर शेजारपाजारची कुटुंबे कोणाच्या तरी घरी जमून स्वतःच बायबल वाचू लागली. १९६८ साली कोलंबियातील मेडेलिन येथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी या लहान वस्तीमंडळांना पाठिंबा दिला. पाहा, पारखा, कृती करा, ही त्यांची रीत. वाचन झाले की प्रश्न निघे : आपल्या वस्तीत पाणी का नाही? मजुरी का पुरत नाही?

१९६४ ते १९८५ तेथे लष्करी राजवट होती. कामगार संघटना दडपल्या गेल्या. गरिबाला जमायला चर्चचाच आसरा उरला. १९७३ साली साओ पावलोचे कार्डिनल आर्न्स यांनी आपला प्रासाद विकला व त्या पैशातून गरीब वस्त्यांत केंद्रे उभारली. तेथील मातामंडळांतून महागाईविरुद्ध चळवळ उठली. १९७८ साली तिच्या अर्जावर सुमारे १३ लाख सह्या झाल्या.

तरी एक उणीव राहिलीच. १९८० च्या दशकात रिओजवळच्या एका वस्तीत अभ्यासकाला दिसले की, थोडे शिकलेले, बऱ्या स्थितीतले लोकच मंडळात पुढे असत. पुस्तक वाचून बोलायचे, सभांना वेळ द्यायचा. निरक्षर मोलकरणीला ते कोठून जमणार? घरात मार खाणाऱ्या बाईला आपले दुःख तेथे मांडता येईना. अशा कितीतरी जणी पेंटेकोस्टल प्रार्थनागृहांकडे वळल्या. गरिबांच्या मंडळातून सर्वांत गरीबच उठून गेला.

हे मी का सांगतो? मी शिक्षक, घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या विहारात ग्रंथवाचन मीच करतो. एकदा एका आजींना सर्वांदेखत वाचायला सांगितले. त्यांनी ग्रंथ कपाळाला लावून परत दिला. पुढल्या रविवारपासून त्या आल्या नाहीत. विहाराच्या विटा त्यांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या.

शाक्य राजकुमारांनी, आपला अभिमान गळावा म्हणून, उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्यावी अशी बुद्धांना विनंती केली आणि मग त्याला वंदन केले. आपण जात सोडली. पण शिक्षणाची नि पगाराची उतरंड मागच्या दाराने आत येते.

येत्या रविवारी एकच पान वाचा. मग पुस्तक मिटून दाराशी बसलेल्या माणसाला विचारा, तुम्हाला काय वाटते? उत्तर येईपर्यंत थांबा. मी आधी आजींच्या घरी जाणार आहे.

जय भीम!