रेघ कुणी ओढायची?

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात कारकून आठवीची यादी माझ्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "सर, तुकड्या पाडायच्या आहेत." शे-सव्वाशे नावे, तीन तुकड्या. तसे पाहिले तर दहा मिनिटांचे काम. पण अमेरिकेतील आलाबामा राज्याच्या विधिमंडळात २०२३ साली झालेला एक वाद मी वाचला, आणि तेव्हापासून ही दहा मिनिटे मला पुरेनाशी झाली आहेत.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यानुसार तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या ४३५ जागा राज्याराज्यांत वाटल्या जातात. आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमा ठरवायला निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमतात. तिकडे बहुतेक राज्यांत हे काम राज्याचे विधिमंडळच करते. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, तसा प्रकार! आलाबामाच्या वाट्याला सात जागा. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे २७ टक्के. पण २०२१ च्या नकाशात त्यांचे बहुमत असलेला मतदारसंघ एकच. त्या एकात त्यांना दाटीने कोंबले होते आणि बाकीचे असे विखुरले होते की, कुठेच त्यांच्या मताला वजन राहू नये. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी खालच्या न्यायालयाचा निकाल उचलून धरला: १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात हा नकाशा बसत नाही, कृष्णवर्णीयांना आपला माणूस निवडता येईल असा दुसरा मतदारसंघ हवा. विधिमंडळ जुलैत पुन्हा बसले आणि त्याने नवा नकाशा केला. त्या दुसऱ्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार किती? सुमारे ४० टक्के. न्यायालयाचे ऐकल्यासारखे करायचे आणि ऐकायचे नाही, हे आम्हा शिक्षकांना चांगले ओळखता येते.

याच राज्यात टस्कीगी नावाचे गाव आहे. १९५७ पर्यंत त्याची हद्द चौकोनी होती. त्या वर्षी विधिमंडळाने कायदा करून ती अठ्ठावीस बाजूंची केली. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सारे गावाबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. घरे जागच्या जागी, विहिरी जागच्या जागी, गाव तेवढे सरकले. या विरुद्ध न्यायालयात गेला तो तेथील संस्थेत समाजशास्त्र शिकवणारा चार्ल्स गोमिलियन हा शिक्षक, आणि १९६० साली तो जिंकला. (पेशाने शिक्षक असल्याचा मला उगीचच अभिमान वाटला.)

इथवर न्याय कोणता आणि अन्याय कोणता, हे शाळकरी पोरही सांगेल. अवघड गणित पुढे आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातून १९०१ नंतर नव्वद वर्षे एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत गेला नव्हता. तो जावा म्हणून १९९२ मध्ये एक मतदारसंघ महामार्गाच्या कडेकडेने सुमारे १६० मैल लांब आखला गेला. मोटारीची दोन्ही दारे उघडी टाकून या रस्त्याने गेले तर मतदारसंघातले बहुतेक लोक मरतील, अशी थट्टा एका आमदाराने केली होती! त्या वर्षी राज्यातून दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून आले. पण १९९३ मध्ये अशा नकाशाला आव्हान देता येते असा निकाल देताना न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी आक्षेप घेतला की, दूरदूरची माणसे केवळ रंग पाहून एकत्र बांधणे म्हणजे एका रंगाची सारी माणसे एकच विचार करतात असे धरून चालणे होय.

हा आक्षेप मला झटकून टाकता येत नाही. आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुणी 'मराठी मते' म्हणून गठ्ठ्याने मोजले की राग येतोच. माझ्या घरात चार मतदार आहेत आणि मतेही चार आहेत. तरीही माझे गाव ज्यात होते तो उचगाव विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला, तेव्हा पारावर कुणी मोठ्याने बोलत नव्हते. ते मुद्दाम झाले की लोकसंख्येच्या हिशेबाने, याचा निवाडा मी करणार नाही. पण वाईट कशाचे वाटले ते मला ठाऊक आहे. आमच्यासारखा विचार करणारा माणूस गेला म्हणून नव्हे. सरकारी कागद मराठीत का हवा, हे ज्याला समजावून सांगावे लागत नाही असा माणूस यापुढे मिळेल की नाही, याचे वाटले.

आता माझी यादी. आमची शाळा मराठी माध्यमाची. जवळच्या वाडीतली कानडी बोलणारी मुले, शाळा जवळ म्हणून, आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी अशी चौदा मुले होती. मी ती पाच, पाच, चार अशी वाटली; यालाच समानता म्हणतात अशी माझी समजूत. वर्षभर त्यांच्यातला कुणी मॉनिटर झाला नाही. वर्ष संपताना कळले की, त्यांची बस रोज उशिरा येई आणि पहिला तास ती मुले वर्गाबाहेर उभी असत. मला कुणी सांगितले नाही. पुढच्या वर्षी नववीत सर्वांना 'ब'मध्ये घातले. त्यांच्यातली एक मुलगी मॉनिटर झाली आणि आठवड्यात बसचा प्रश्न माझ्या टेबलावर आला. पण लवकरच पोरे 'ब'ला 'कानडी तुकडी' म्हणू लागली आणि बाकीचे शिक्षक वाडीचा विषय निघाला की म्हणत, "ते 'ब'वाल्यांना विचारा." सीमाप्रश्नावर घरी तावातावाने बोलणारा मी, इथे बहुसंख्य आम्ही होतो, आणि पेन्सिल माझ्या हातात होती.

आलाबामात शेवटी विधिमंडळाच्या हातची पेन्सिल न्यायालयाने काढून घेतली आणि दुसऱ्याकडून नकाशा करवून घेतला. त्यातल्या दुसऱ्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार निम्म्याहून किंचित कमी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले. मला ते 'किंचित कमी' आवडले. नुसत्या आपल्या माणसांवर भागत नाही, शेजाऱ्याच्या दारी जावे लागते. आणि शेजाऱ्यालाही यांना ओलांडून जाता येत नाही.

यंदाही वाडीची चौदाच मुले आली. सात आणि सात अशी दोन तुकड्यांत घातली, आणि सही करण्याआधी त्यांच्या पालकांना बोलावून यादी दाखवली. एकाने विचारले, "सर, आमची मुलं वेगळी मोजता कशाला?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "मोजली नाहीत तर बसचं कोण बघणार?" दोघेही बराच वेळ आपसात कानडीत बोलत राहिले. मी दोघांचेही म्हणणे लिहून घेतले आणि पुढच्या जूनमध्ये यादी करायलाच या, असे सांगितले.