गोन्सालो : नावाचा अर्थ कोण ठरवतो?



स्नानसंस्कारासाठी बाळाचे नाव नोंदवताना आईवडील हल्ली विचारतात, "फादर, या नावाचा अर्थ चांगला आहे ना?" प्रश्न रास्त आहे. पण नावाचा अर्थ असतो कुठे? शब्दात की माणसात?

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेच नाव घेऊ. 'गोन्सालो' हे पोर्तुगीज नाव मूळचे जर्मानिक. लॅटिनमध्ये ते 'गुंडिसाल्वस' असे लिहीत. त्यातील 'गुंड' म्हणजे युद्ध. (मराठी गुंडाशी त्याचे नाते नाही!) आपल्या परिचयाचे 'गोन्साल्विस' हे आडनावही त्यातूनच आले, त्याचा अर्थ गोन्सालोचा मुलगा.

म्हणजे शब्दकोशाप्रमाणे हे लढवय्याचे नाव. गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज सैनिक, आई वसईकडची. पण मुलाने तलवार धरली नाही. त्यांनी व्यापार केला, पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर भाल्यांनी ठार मारले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. आज 'गोन्सालो' म्हटले की आपल्याला युद्ध आठवत नाही, हुतात्मा आठवतो. एका आयुष्याने नावाचा अर्थ बदलला.

नावे वस्तूंना निसर्गतः चिकटलेली असतात की माणसे ती ठरवतात, हा वाद प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादातही आहे. आपल्या मेहरूणच्या बोरांचेच पाहा. बाजारात त्या नावाला मान आहे तो शब्दाच्या व्युत्पत्तीमुळे नव्हे, चवीमुळे.

मग कोणतेही नाव चालेल का? नाही. ख्रिस्ती भावनेला परके नाव देऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी, असे ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ८५५) सांगतो. कारण बाळ आपले नाव निवडत नाही. आपण ते त्याच्यावर ठेवतो. ज्याचे नाव दिले त्याची ओळख करून देणे हेही मग आपलेच कर्तव्य ठरते. तेवढे आपण केले नाही, तर नाव दाखल्यावरच राहते.

आपल्या घरातील जोसेफला, अँथनीला, फ्रान्सिसला आज विचारू या : तुझ्या नावाचा संत कसा जगला, ठाऊक आहे? उत्तर आले नाही, तर मुलावर रागावू नये. आपणच सांगायला बसावे.