विसावा माणसाचा की यंत्राचा?

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतचा सुमारे पंचवीस तासांचा काळ ज्यू धर्मात शब्बाथ म्हणून पाळला जातो. या काळात कोणती कामे वर्ज्य आहेत, त्यांची यादी इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात आहे. मुख्य कामे ३९ आहेत. पेरणे, दळणे, भाजणे, लिहिणे, बांधणे, विस्तव पेटवणे, विझवणे ही त्यांपैकी काही. गीझर, फ्रिज आणि एसी यांचा त्या जगाला पत्ताही नव्हता. तरी आज धर्म पाळणारे ज्यू कुटुंब यांपैकी काहीही विकत घेताना किंमत आणि वीजबिल यांच्या बरोबरीने ही यादी विचारात घेते. त्यामागचा प्रश्न मात्र यंत्रांहून बराच जुना आहे: शब्बाथला विसावा घ्यायचा तो माणसाने, की त्याच्या मालकीच्या वस्तूंनीही?

इसवी सनाच्या सुरुवातीला शम्माई आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या शिष्यपरंपरांमध्ये यावरून वाद होता. शुक्रवारी दुपारी शाई किंवा रंग भिजत घातला आणि तो रात्रभर मुरत राहिला, तर शब्बाथ मोडला का? दिवस मावळण्याआधी काम पुरे होणार असेल तरच ते हाती घ्यावे, असे शम्माईचे शिष्य म्हणत. हिल्लेलच्या शिष्यांच्या मते माणसाचा हात सूर्य असताना लागला एवढे पुरे आहे. पुढे भांड्यात जे घडते ते त्याचे काम नव्हे. धर्मशास्त्राने हिल्लेलचा पक्ष स्वीकारला. तेलाच्या घाण्याबाबत तर दोन्ही पक्षांचे एकमत होते. ऑलिव्हवर दाबाचे ओंडके शुक्रवारी ठेवून द्यावेत, रात्रभर तेल गळत राहिले तरी हरकत नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने मात्र शनिवारी घाणे बंद ठेवले, आणि त्यावरूनच रायगडच्या किनारपट्टीवर त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. यात विरोधाभास नाही. कोकणातला घाणा बैल ओढत असे, आणि बैलाला व गाढवाला विसावा द्यावा ही तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची स्पष्ट आज्ञा आहे. जनावर थकते, ओंडका थकत नाही. या एका भेदावर आजचा सगळा यंत्रविचार उभा आहे.

हा भेद सर्वांनी मानला असे मात्र नाही. आठव्या शतकापासून बाबिलोनियात पुढे आलेल्या कराईट पंथाने मिश्ना आणि त्यावरील चर्चेचा ग्रंथ ताल्मुद यांचा अधिकार नाकारला. घरात विस्तव नको, या निर्गम ग्रंथातल्या आज्ञेचा अर्थ त्यांनी असा लावला, की आधी पेटवलेला दिवाही शब्बाथला जळत राहता कामा नये. त्यांची शुक्रवारची रात्र अंधारात आणि थंड अन्नावर जाई. पुढे त्यांच्यातल्याच काही शाखांनी दिवा मान्य केला. उलट रब्बींच्या, म्हणजे मिश्ना-ताल्मुद मानणाऱ्या धर्मगुरूंच्या, परंपरेत दिवा लावून शब्बाथचे स्वागत करणे हे कर्तव्यच ठरले, आणि रात्रभर मंद आचेवर शिजलेला गरम पदार्थ शनिवारी दुपारी खाणे ही जवळजवळ निष्ठेची खूण झाली. आराम हा शब्बाथचा शत्रू नाही, आराम मिळवण्यासाठी त्या दिवशी केलेली कृती हा शत्रू आहे, असा हा दृष्टिकोन. तपश्चर्येच्या अंगाने धर्माकडे पाहणाऱ्या वाचकाला तो थोडा सुखलोलुप वाटेल. पण शब्बाथला आनंद मानावे, असे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातच सांगितले आहे.

विजेने हा प्रश्न नव्याने उभा केला. तार तापून उजेड देणारा बल्ब विस्तवाच्या जवळ जातो, हे बहुतेकांनी मान्य केले. पंख्यात ज्योत नाही, लाल तापलेली तार नाही. मग तो लावण्यात नेमके कोणते वर्ज्य काम घडते? ‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे रब्बी आव्राहाम येशाया कारेलित्झ म्हणत की विजेचे मंडल पूर्ण करणे म्हणजे निर्जीव तारेला कार्यक्षम करणे, म्हणून ते ‘बांधणे’ या सदरात येते. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मन आउअरबाख यांनी १९३५ साली विजेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांना हा युक्तिवाद पटला नाही. तत्त्वतः बंदीचा ठोस आधार सापडत नाही, पण सर्वत्र रूढ झालेली बंदी मोडू नये, असा त्यांचा कल होता. कारणाबद्दल एकमत नसताना निष्कर्षावर मात्र एकमत, असा हा प्रकार आहे. धर्मशास्त्रात तो वाटतो तितका दुर्मीळ नाही.

पाण्याचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. हात चटकन मागे घ्यावासा वाटेल इतके पाणी तापले की ते ‘शिजले’ असे धरतात. सावधगिरीची सीमा म्हणून ४५ अंश सेल्सिअस हा आकडा सर्रास वापरला जातो. इन्स्टंट गीझरचा नळ उघडताच आतली ज्योत किंवा कॉइल चालू होते, म्हणजे नळ उघडणे हेच पेटवणे झाले. तेथे सवलतीला जागा नाही. साठवणीचा गीझर शुक्रवारी बंद केला तरी अडचण सुटत नाही. गरम पाणी बाहेर पडले की तितकेच थंड पाणी टाकीत शिरते आणि आतल्या गरम पाण्याने तापते. ते तापावे अशी वापरणाऱ्याची इच्छा नसते. पण जो परिणाम अटळ आहे तो जाणून केल्यासारखाच, असा शास्त्राचा नियम आहे.

सूर्याची गोष्ट वेगळी. थेट उन्हात पदार्थ तापवण्याला ताल्मुदाची हरकत नाही. उन्हाने तापलेल्या वाळूत अंडे पुरायला मात्र मनाई आहे, कारण पाहणाऱ्याला ती चुलीची राख वाटू शकते. गालील सरोवराकाठच्या तिबेरियसचे लोक गरम झऱ्याच्या प्रवाहातून थंड पाण्याची नळी नेऊन पाणी तापवत, आणि पंडितांनी ते बंद पाडले, अशी हकीकत मिश्नात आहे. माणसाने काहीही पेटवलेले नव्हते, तरी त्या पाण्याला शब्बाथला तापवलेल्या पाण्याचाच नियम लागू झाला.

इस्राएलमध्ये ही हकीकत घरोघरच्या गच्चीवर येऊन पोचली. इंधनटंचाईच्या १९५० च्या दशकात तेथे सोलर वॉटर हीटर बनू लागले. तेलसंकटानंतर १९८० पासून नव्या निवासी इमारतींना, फार उंच इमारती वगळता, ते कायद्याने सक्तीचे झाले. या यंत्रात काळा पत्रा उन्हाने तापतो आणि पत्र्याने पाणी तापते. मग हे ऊन की तापलेली वाळू? रब्बी ओवादिया योसेफ यांनी परवानगी दिली. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा, की सूर्याच्या उष्णतेची बंदी मुळात पंडितांची आहे, तोराची नाही. शिवाय थंड पाणी आत येते ते अप्रत्यक्षपणे आणि नको असताना. कडक मताच्या पंडितांना तिबेरियसची नळी विसरता आली नाही. सवलत घेणाऱ्यांसाठीही एक अट आहे: टाकीतली विजेची कॉइल शुक्रवारी बंद हवी आणि तिने तापलेले पाणी टाकीत उरलेले नसावे. म्हणून कॉइलचा स्विच वेगळा आणि हाताशी असणे हा तेथे खरेदीतला किरकोळ मुद्दा नसतो. अंघोळीचे बंधन याहून निराळे आहे. न्हाणीघरांचे चालक शब्बाथला पाणी तापवून ‘कालचेच आहे’ असे सांगत, म्हणून पंडितांनी आधी तापवलेल्या पाण्यानेही सर्वांगस्नान बंद केले. हात, तोंड, पाय धुण्यापुरतीच मोकळीक ठेवली.

पिण्याच्या गरम पाण्यासाठी उपाय सोपा आहे. शुक्रवारी उकळून रात्रभर गरम राहणारे पाण्याचे भांडे तोटीसह मिळते. त्यात नवे पाणी शिरत नाही, त्यामुळे तोटी उघडण्यात गैर काही नाही. चहाची पत्ती मात्र सहज शिजते. म्हणून पाणी आधी एका कोरड्या कपात, मग दुसऱ्यात ओतून पत्ती त्यानंतर घालतात, किंवा अर्क आधीच करून ठेवतात. चहा खळखळून उकळणाऱ्या अलिबागकडच्या घराला तो फिका लागणार, यात शंका नाही.

ऊब आणि गारवा यांना धर्मशास्त्राने एका मापाने मोजलेले नाही. १५६५ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ या संहितेत असे आहे की कडाक्याच्या थंडीत ज्यू नसलेल्या माणसाकडून शेकोटी पेटवून घेता येते, कारण थंडीपुढे सगळेच आजारी. उकाड्याला असे स्थान नव्हते. गारवा निर्माण करण्याचे साधनच नव्हते. एसी आल्यावर काही आधुनिक पंडितांनी अति उकाड्यालाही तीच सवलत दिली. नेगेव वाळवंटातल्या दिमोना शहरात महाराष्ट्रातून गेलेली अनेक बेने इस्राएल कुटुंबे राहतात. तेथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. एसी शुक्रवारी चालू करून ठेवला तर थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर आपोआप सुरू-बंद होण्यात दोष मानत नाहीत. ते हिल्लेलच्या भांड्यातच घडते. खोलीची खिडकी उघडल्याने कॉम्प्रेसर लवकर सुरू होईल, ही शंकाही बहुतेक जण अप्रत्यक्ष परिणाम म्हणून सोडून देतात.

टायमरचे तसे नाही. हिल्लेलच्या न्यायाने तो बसतो आणि आज तो सर्रास वापरात आहे. पण न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी दिव्यांपलीकडे टायमर वापरायला विरोध केला. आठवडाभराचे सगळे काम टायमरवर सोपवून शब्बाथला कारखानाही चालवता येईल, मग त्या दिवसाचा मान काय उरला, असा त्यांचा प्रश्न होता. ही धास्ती निराधार म्हणता येत नाही. ताल्मुदातही गिरणीबाबत असाच एक मुद्दा आहे: शुक्रवारी पाणचक्कीत घातलेले धान्य रात्रभर दळले जाणे काहींना मान्य नव्हते, कारण चक्कीचा आवाज गावाला ऐकू जातो. वॉशिंग मशीनला याच आधारावर नकार मिळतो. एसीचाही आवाज होतो, पण त्याला नाही. आवाजापेक्षा त्या आवाजातून लोकांना कोणते काम चालल्याचे समजते हे महत्त्वाचे, असे यामागचे तारतम्य दिसते.

नवी ‘स्मार्ट’ यंत्रे सर्वांत गैरसोयीची ठरतात. माणूस खोलीत आला हे ओळखून झोत वळवणारा एसी किंवा हात पुढे करताच सुरू होणारा नळ यांच्यापुढे नुसते वावरणे हीच कृती होते. फ्रिजचे दार उघडताच लागणारा दिवा ही याचीच जुनी आवृत्ती, पण तेथे शुक्रवारी बल्ब काढून ठेवता येतो. म्हणून सेन्सर बंद करता येतो का, आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र पूर्वीच्याच स्थितीत सुरू होते का, हे दोन प्रश्न दुकानातच विचारावे लागतात. शब्बाथपुरते दिवे, डिस्प्ले आणि सेन्सर गप्प ठेवणारी खास सोय काही कंपन्या देतात. साध्या, बटणाच्या यंत्राला तिची गरज पडत नाही.

घराबाहेरची एक बाजू उरते. इस्राएलमधले वीजकेंद्र शनिवारीही चालते आणि ते चालवणारे कित्येक कामगार ज्यू असतात. त्यांनी शब्बाथ मोडून पाठवलेल्या विजेवर गारवा घ्यावा का? हझोन ईश यांनी ती वीज वापरू नये असे सांगितले. इतरांचे म्हणणे असे, की त्याच तारेवर रुग्णालये चालतात, आणि जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मागे सरतो. आणखी एका घराची भर पडल्याने कामगाराचे काम वाढते असेही नाही. तेल अवीवजवळच्या ब्ने ब्राक शहरात पहिले मत मानणारी कुटुंबे शब्बाथपुरती मोहल्ल्याच्या जनरेटरची जोडणी घेतात किंवा आठवड्याभरात भरून ठेवलेल्या बॅटऱ्या वापरतात. एसीला लागणारी वीज पेलणारी बॅटरी महाग पडते. त्यामुळे अशा घरांत शुक्रवारी रात्री पुष्कळदा दिवे आणि पंखे तेवढे चालू असतात.