पुरेसे म्हणजे किती?

संगणकावरील खेळ आणि त्यांसाठी लागणारी यंत्रसामग्री हा विषय या पानांवर पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु संध्याकाळी एखादा मुलगा वा मुलगी पडद्यासमोर बसत नाही आणि आईवडील दारातून डोकावून दोन प्रश्न विचारीत नाहीत, असे घर आज क्वचितच आढळेल. यात वेळ किती जातो, आणि पैसा किती जातो? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तथापि त्यांच्या तळाशी तिसरा एक प्रश्न आहे. तो फार जुना आहे आणि केवळ तरुणांचा नाही. माणसाला किती असले म्हणजे पुरे?

हा प्रश्न माझ्यापुढे नेमक्या शब्दांत मांडला तो झाशीतल्या एका मराठी तरुणाने. झाशीचे आणि मराठीचे नाते वाचकांस ठाऊकच आहे. १७४२ साली नारोशंकर तेथे पेशव्यांचे सुभेदार झाले, पुढे नेवाळकर घराणे आले, आणि १८५८च्या वेढ्यात तेथे अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त मराठीतच लिहून ठेवला. तेव्हापासूनची मराठी घरे तेथे आहेत, तशी रेल्वेच्या नोकरीनिमित्त नव्याने गेलेली माणसेही आहेत. आमचा तरुण या दुसऱ्या गटातला. दिवसभराचे काम आटोपून तो रात्री तासभर खेळतो आणि दरमहा आईवडिलांना पैसे पाठवतो. आपण निव्वळ हौशी आहोत, असे तो म्हणतो. त्याने पत्रात लिहिले : “काका, माझा संगणक आता पुरेसा आहे का? नवे ग्राफिक्स कार्ड हप्त्याने घेतले तर वर्षभर घरी थोडे कमी पैसे जातील. ते योग्य होईल का? आणि मुळात कमावत्या माणसाने खेळावे का? मला उपदेश नको, विचार करून उत्तर द्या.”

ज्या वाचकांना या यंत्राची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८०, म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने रेखाटावे लागते. हे गणित करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ज्याला ‘फोर के’ म्हणतात त्या पडद्यावर ठिपक्यांची संख्या चौपट, सुमारे ८३ लाख होते. कार्डावरचा भारही त्या मानाने वाढतो. पण पाहणाऱ्याचा आनंद चौपट होतो का? चित्रपट कित्येक दशके सेकंदाला २४ चित्रांवर चालत आला आणि कोणाचे अश्रू त्यामुळे कमी झाले नाहीत. खेळात हाताच्या हालचालीचा आणि चित्राचा मेळ बसावा लागतो, म्हणून तेथे २४ कमी पडतात, हे खरे. परंतु ६० चित्रांवरून १४४ चित्रांवर जाण्यासाठी जो खर्च येतो, त्याच्या मानाने हौशी माणसाच्या पदरात फारच थोडे पडते.

प्रत्येक नव्या खेळाबरोबर दोन याद्या दिलेल्या असतात. एक ‘किमान’ यंत्राची, दुसरी ‘शिफारस केलेल्या’ यंत्राची. पहिली यादी खेळ सुरू व्हावयास काय हवे ते सांगते. दुसरी तो बनविणाऱ्याच्या मते चांगला चालावयास काय हवे ते सांगते. दोन्ही याद्या उपयुक्त आहेत. मात्र खेळणारा कोण, त्याच्यापाशी वेळ किती, त्याच्या घरी आणखी कोणाचे पोट त्याच पगारावर आहे, हे त्या याद्या विचारीत नाहीत. ते विचारणे हे त्यांचे कामही नव्हे. चूक होते ती त्या यादीलाच आपण जीवनाचे माप समजू लागतो तेव्हा.

आमच्या तरुणाचे कार्ड एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०६० आहे. ते २०१६ साली बाजारात आले आणि साधारण १२० वॉट वीज घेते. ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या दालनाकडून दरमहा जी पाहणी प्रसिद्ध होते तीत हेच कार्ड कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. याचा अर्थ असा की जाहिरातीतला खेळाडू आणि जगातला खेळाडू हे दोन वेगळे इसम आहेत. त्याच कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आणले. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत १,९९९ डॉलर आणि विजेची कमाल गरज ५७५ वॉट. असे यंत्र नुसते दोन तास भर देऊन चालवले तरी एक युनिटाहून अधिक वीज लागते, आणि झाशीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना तीच उष्णता खोलीत पसरते. ही वीज आकाशातून पडत नाही. झाशी जिल्ह्यातच बेतवेच्या काठी परिछा येथे कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिकडे पाहिले म्हणजे युनिट हा शब्द केवळ बिलावरचा राहत नाही.

दुकानदार त्याला म्हणाला की आता घेतले नाहीस तर पुढे आणखी महाग होईल. यात तथ्य नाही असे नाही. २०२०-२१ मध्ये आभासी चलन निर्माण करणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डे इतकी उचलली की खेळणाऱ्यांना ती मिळेनाशी झाली. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी मागणी वाढून रॅमचे भाव कडाडले. पण पाहा, येथे खरेदीचे कारण खेळ हे राहिलेच नाही. कारण आहे ते उद्याचे भय. निर्गमाच्या पुस्तकातील मान्न्याची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्यात मात्र किडे पडले. संगणकाच्या सुट्या भागांत किडे पडत नाहीत, पण ते ज्या वेगाने जुने ठरतात तो वेग पाहिला म्हणजे ती गोष्ट आठवते.

आता त्याचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. कमावत्या माणसाने खेळावे का? भाषांतराच्या कामात ज्या शब्दांपाशी मी पुनःपुन्हा थांबलो आहे, त्यांत खेळण्यासाठी वापरलेले एक हिब्रू क्रियापद आहे. जखऱ्या संदेष्टा पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र रेखाटतो तेव्हा म्हातारी माणसे काठी टेकून बसली आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. तेथे हे क्रियापद येते. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात देवाचे ज्ञान त्याच्यासमोर आनंदाने बागडते; तेथेही हेच क्रियापद आहे. ज्या शास्त्रात ज्ञान स्वतः खेळते, त्या शास्त्राच्या नावाने खेळालाच पाप ठरवणे मला जमत नाही. थकून आलेल्या माणसाचा तासभराचा विरंगुळा हा चोरलेला वेळ नव्हे.

परंतु हेच क्रियापद २ शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायातही आहे. गिबोनाच्या तळ्यापाशी अबनेर यवाबाला सुचवतो की दोन्हीकडच्या तरुणांनी आपल्यापुढे येऊन खेळावे. बारा इकडचे आणि बारा तिकडचे उठतात, आणि चोवीसच्या चोवीस जागीच मरून पडतात. एकच शब्द, पण यरुशलेमेच्या रस्त्यावर खेळ मुलांसाठी आहे आणि गिबोनात मुले खेळासाठी आहेत. मला वाटते, खेळाची कसोटी येथे आहे. खेळ आपल्यासाठी असेल तर मन भरते आणि आपण उठतो. आपण खेळासाठी झालो की मग ‘पुरे’ हा शब्दच सापडत नाही, मग ते वेळेचे असो वा यंत्राचे.

झाशीकराला ही कसोटी अधिक जवळची असावी. १८५७चा उठाव आज पडद्यावर खेळता येतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’ मालिकेतील ‘द एशियन डायनॅस्टीज’ या २००७च्या खेळात त्याचा एक पूर्ण अध्याय आहे. २०१५ साली आलेल्या ‘द ऑर्डर : १८८६’ या खेळात तर खुद्द झाशीची राणी लंडनमध्ये बंडखोरांचे नेतृत्व करताना दाखवली आहे, वास्तविक ती जून १८५८ मध्येच ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली होती. हा खेळ केवळ सोनीच्या प्लेस्टेशनसाठी निघाला, पीसीवर आलाच नाही, आणि आमच्या तरुणाची तक्रार अशी की झाशीत राहून झाशीच्या राणीला भेटायचे तर दुसरेच यंत्र विकत घ्यावे लागते! मी त्याला लिहिले की किल्ला तुझ्या घरापासून फार दूर नाही. ‘कडक बिजली’ आणि ‘भवानी शंकर’ या तोफा तेथे आहेत. त्यांच्यापाशी उभे राहून एकदा आठव, की पडद्यावर जो डाव आपण हरलो तर पुन्हा मांडतो, तो ज्यांच्यावर खरोखर गुदरला त्यांना पुन्हा मांडता आला नाही. हे मनात ठेवून खेळणारा माणूस क्रूर होईल असे मला वाटत नाही.

यंत्राचा आणखी एक पदर आहे. विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व तुलनेने नवे प्रोसेसर लागतात. परिणामी काल चांगले चालणारे असंख्य संगणक आज चालत असूनही ‘अपुरे’ ठरले. अपुरेपण असे बाहेरून जाहीर होते. आणि टाकलेले यंत्र कोठे जाते? झाशी ज्या राज्यात आहे त्याच राज्यात मुरादाबाद आहे. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या त्या शहरात टाकाऊ सर्किट बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढण्याचा धंदा वाढला. रामगंगेच्या काठी त्याची काळी राख साचली, आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला त्याची दखल घ्यावी लागली. हातमोज्यांवाचून ते काम करणाऱ्याच्या फुप्फुसांत आपल्या जुन्या कार्डाचा धूर जातो. म्हणून जे यंत्र चालते ते चालवत राहणे हे केवळ काटकसरीचे नव्हे, तर शेजारधर्माचे काम आहे. त्यावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालता येते, बुंदेलखंडाची धूळ झाडून पंखे साफ करता येतात, थोडी रॅम वाढवता येते, चकतीच्या जागी एसएसडी बसवता येते, आणि खेळातल्या सावल्यांचा व तपशिलांचा दर्जा एक पायरी खाली आणता येतो.

तर मग पुरेसे म्हणजे किती? नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर देवाकडे दारिद्र्य मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. तो आपल्या वाट्याची भाकर मागतो. तेथे मूळ हिब्रू शब्दाला जो प्रत्यय आहे तो ‘माझा’ या अर्थाचा आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत जिला आपण रोजची भाकर म्हणतो, तिच्यासाठी आलेले ग्रीक विशेषण इतके दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनाला ते शुभवर्तमानकारांनीच घडवले असावे असे वाटले, आणि येरोमने त्याचे मत्तयात एक तर लूकात दुसरे भाषांतर केले. त्या शब्दाविषयी विद्वान अजून वाद घालतात. पण त्याच्या शेजारच्या सर्वनामाविषयी वाद नाही. ते ‘आमची’ असे आहे.

यावरून मला असे दिसते की ‘पुरेसे’ हा शब्द प्रथमपुरुषी आहे. तो ‘मला’ किंवा ‘आम्हांला’ याच्याबरोबरच खरा ठरतो. विक्रेत्याची यादी द्वितीयपुरुषी बोलते : तुला एवढे हवेच. पण वाचकहो, आपला उपदेशही पुष्कळदा द्वितीयपुरुषीच असतो : तुला एवढे पुरे. ज्याच्यापाशी सर्व काही आहे त्याने ज्याच्यापाशी काही नाही त्याला समाधान शिकवणे, हा लोभाचाच सभ्य प्रकार आहे. ज्या मुलीला संगणकावर चित्रे हलवण्याची कला शिकून पोट भरायचे आहे, तिला महागडे कार्ड ही चैन नसून अवजार आहे. ज्या मुलाला घरात एकही संगणक नाही, त्याला ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही.

म्हणून मी त्या तरुणाला कार्ड घेऊ नकोस असे लिहिले नाही. मी एवढेच लिहिले की तुला मनापासून आवडणारे खेळ कोणते आणि त्यांतला कोणता सध्याच्या यंत्रावर चालत नाही, ते कागदावर मांड. १९९९ सालचा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ आपण अजून आवडीने खेळतो आणि खेळाची गोडी चित्राच्या झळाळीत नसते, हे तुझे मत तूच मला कळवले होतेस. ते विसरू नकोस. आणि हप्ता ज्या पैशातून जायचा आहे तो पैसा ‘माझा’ आहे की ‘आमचा’, हे ठरवण्यापूर्वी घरी फोन करून आईवडिलांना विचार. ते कदाचित आनंदाने घे म्हणतील. पण विचारल्याने ती भाकर ‘आमची’ राहील.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी असा खेळ कधी खेळला नसेल. तरीही आपणांसमोर शिफारशींच्या याद्या आहेतच. चालता भ्रमणध्वनी बदलताना, लग्नाचा मांडव घालताना, मंडळीसाठी शेजारच्या मंडळीपेक्षा मोठा ध्वनिवर्धक घेताना आपण त्या वाचतो. अशा वेळी यादी बाजूला ठेवून आपल्या घरात व मंडळीत एकमेकांना विचारावे : हे कशासाठी, कोणाच्या वाट्यातून, आणि जुने कोणाच्या दारात जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली तर घ्यावे आणि आनंदाने वापरावे. देता आली नाहीत, तर जे आहे त्यावरची धूळ झाडून पाहावी. पुष्कळदा ते पुरेसे असते.